प्रोटॉनचे वहन आणि माध्यमाचे कर्तृत्व

आम्लयुक्त पाण्यातून वीज वाहते तेव्हा तिचे वहन मुख्यतः प्रोटॉन करतात आणि हे काम ते इतर कोणत्याही आयनापेक्षा जलद करतात, ही गोष्ट भौतिकी रसायनशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला, समान विद्युत्क्षेत्रात, प्रोटॉनची गती सोडियम आयनाच्या सुमारे सातपट आणि पोटॅशियम आयनाच्या जवळजवळ पाचपट भरते. या आकड्यांशेजारी बहुधा एक आकृती छापलेली असते: पाण्याच्या रेणूंची रांग, तिच्या एका टोकाला येऊन मिळणारा प्रोटॉन, दुसऱ्या टोकाने बाहेर पडणारा वेगळाच प्रोटॉन, आणि मधल्या प्रत्येक रेणूवरून शेजाऱ्याकडे वळणारा एकेक बाण. आकृती सुबक आहे आणि तिच्यातला मूळ मुद्दा खराही आहे. तथापि सगळे बाण प्रोटॉनच्या अंगाने काढलेले असल्यामुळे सारे कर्तृत्व प्रोटॉनचे वाटते, आणि पाणी, पटल, प्रथिन किंवा बहुवारिक ही केवळ वाट होऊन राहते. पाणी, सजीव पेशी आणि इंधन घटांसाठी बनवलेले पदार्थ या तिन्ही क्षेत्रांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर निराळाच निष्कर्ष निघतो. प्रोटॉनची उडी ही या व्यवहारातली सर्वांत सोपी घटना आहे. तिचा वेग, तिची दिशा आणि तिला होणारी अडवणूक या तिन्ही गोष्टी माध्यम ठरवते, आणि म्हणून प्रोटॉनच्या वहनाचा अभ्यास हा मुळात माध्यमाच्या फेरमांडणीचा अभ्यास आहे.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूतला एकुलता इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणारे केंद्रक. सोडियमचा आयन झाला तरी त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉनांचे आवरण शिल्लक असते, त्यामुळे त्याला आकार असतो आणि त्या आकाराभोवती पाण्याचे रेणू बेताने गोळा होतात. प्रोटॉनला असे आवरणच नसते. त्याची त्रिज्या हायड्रोजनच्या अणूच्या त्रिज्येपेक्षा सुमारे साठ हजारपट लहान असते, आणि एवढ्याशा जागेत एकवटलेल्या धनभारामुळे त्याच्या लगतचे विद्युत्क्षेत्र इतके तीव्र होते, की पाण्यात तो मोकळा राहूच शकत नाही. जवळच्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉन-जोडीला तो चिकटतो आणि हायड्रोनियम नावाचा आयन तयार होतो. पाण्यात सामावताना प्रोटॉनच्या एका मोलमागे सुमारे ११०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. लिथियम हा एकच धनभार असलेल्या धातू-आयनांतला सर्वांत लहान, पण त्याच्या बाबतीत हा आकडा याच्या निम्म्यावरही जात नाही. पाण्याला एवढ्या घट्टपणे बांधलेला कण पाण्यातून सर्वांत वेगाने जातो, हे वरकरणी विसंगत दिसते, आणि या विसंगतीतूनच पुढचा सगळा विचार सुरू होतो.

या विचाराला ज्याचे नाव दिले जाते त्या थिओडोर ग्रोथूसचा जन्म १७८५ मध्ये लाइपझिगला झाला. १८०० मध्ये व्होल्टाने आपला विद्युतस्तंभ जाहीर केला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी त्या विजेने पाण्याचे अपघटन करून दाखवले. त्यात एक कोडे होते: एका तारेजवळ हायड्रोजन निघतो, दुसरीजवळ ऑक्सिजन, आणि मधल्या पाण्यात काहीच घडताना दिसत नाही. एकाच रेणूचे दोन तुकडे होत असतील तर ते इतक्या अंतरावर कसे प्रकटतात? इटलीत असताना लिहिलेल्या आणि १८०६ मध्ये फ्रेंच रसायन-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात विशीतल्या ग्रोथूसने सुचवले, की दोन तारांमध्ये पाण्याच्या कणांची साखळी असते आणि तिच्यातला प्रत्येक कण आपला जोडीदार शेजाऱ्याशी बदलून घेतो. टोकाच्या कणांना तेवढा जोडीदार उरत नाही, म्हणून वायू फक्त टोकांना दिसतात.

कल्पना विलक्षण होती. तरीही आज तिच्या नावाने जे सांगितले जाते ते ग्रोथूसने सांगितलेले नाही. पाण्याचे रेणुसूत्र त्या वेळी निश्चित नव्हते, आयन ही संज्ञा फॅरेडेने १८३४ मध्ये रूढ केली, आणि प्रोटॉन हे नाव रदरफर्डने दिले ते १९२० मध्ये. ग्रोथूसच्या साखळीत हायड्रोजन एका दिशेने आणि ऑक्सिजन दुसऱ्या दिशेने हात बदलत जातो. आजच्या समजुतीनुसार ऑक्सिजन जवळजवळ जागेवरच असतो. शिवाय प्रोटॉन इतर आयनांपेक्षा जलद का, हा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता. विज्ञानात पूर्वसूरींना असा मान देण्याची प्रथा आहे आणि तिला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्या मानाबरोबर साखळीचे जे चित्र वारशाने आले, ते दीर्घकाळ फारसे तपासले न जाता पुढे सरकत राहिले, ही त्याची किंमत.

ते चित्र कुठे अपुरे पडते हे एका परिचित दृश्यावरून स्पष्ट करता येईल. इमारतीचा स्लॅब टाकताना मजूर रांगेने उभे राहून घमेली हातोहात वर पोचवतात; माणसे जागा सोडत नाहीत आणि माल झपाट्याने जातो. पाण्यातल्या प्रोटॉनचे वहन असेच होते असे मानले, तर दोन फरक नजरेआड होतात. पहिला असा, की पाण्यात एकच घमेले या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. प्रत्येक रेणू डावीकडून एक प्रोटॉन घेतो आणि उजवीकडे आपला स्वतःचा, वेगळाच प्रोटॉन देतो, त्यामुळे पुढे जातो तो धनभार, विशिष्ट प्रोटॉन नव्हे. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. एकदा दिल्या-घेतल्यानंतर प्रत्येक रेणूचे तोंड उलट्या दिशेला झालेले असते, आणि तो पुन्हा वळेपर्यंत त्या रांगेतून त्याच दिशेने दुसरा प्रोटॉन जाऊ शकत नाही. देणे क्षणाचे असते. वळणे वेळखाऊ असते.

याच दृष्टीने सातपट आणि पाचपट या आकड्यांकडे पाहिले पाहिजे. क्रमिक पुस्तके त्यांना नवल म्हणून सादर करतात, पण खरे नवल ते इतके लहान का आहेत हे आहे. पाण्याचे रेणू स्वतःच्या विसरणाने, म्हणजे उष्णतेमुळे होणाऱ्या स्वैर हालचालीने, जेवढे पसरतात त्याच्या चौपटच प्रोटॉनचा भार पसरतो. रांगेतून अखंड उड्या घेत जाणारा भार याहून कितीतरी वेगवान असायला हवा होता. तो नाही, याचा अर्थ उड्यांच्या मध्ये प्रतीक्षा आहे, आणि वेग त्या प्रतीक्षेवरून ठरतो.

ही प्रतीक्षा कशाची, हे ठरायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. मानफ्रेट आयगेन यांनी अतिजलद रासायनिक क्रियांचे मोजमाप केले, त्यासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि प्रोटॉनविषयी त्यांनी मांडलेले चित्र असे होते, की हायड्रोनियमभोवती पाण्याचे तीन रेणू घट्ट बांधलेले असतात. गेओर्ग झुंडेल यांनी अवरक्त वर्णपटांवरून दुसरे चित्र मांडले: प्रोटॉन दोन रेणूंच्या बरोबर मध्ये, दोघांच्या सामाईक मालकीचा. बरीच वर्षे हे दोन पक्ष समोरासमोर होते. १९९५ मध्ये नोआम आग्मोन यांनी उपलब्ध मोजमापे एकत्र तपासून दाखवले, की वेग ठरवणारी पायरी प्रोटॉनच्या जागी नसून एक घर पलीकडे आहे, आणि १९९९ मध्ये मार्क्स, टकरमन, हुटर आणि पारिनेल्लो यांच्या संगणकीय अनुकरणाने, ज्यात केंद्रकांची पुंजभौतिक अस्थिरताही धरली होती, आयगेन आणि झुंडेल यांची चित्रे ही एकाच सतत बदलणाऱ्या रचनेची दोन टोके असल्याचे दिसले.

घडते ते असे. सामान्य पाण्यातला रेणू शेजाऱ्यांशी सरासरीने चारच्या आसपास हायड्रोजन बंध राखतो; हायड्रोजन बंध म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन आणि दुसऱ्याचा ऑक्सिजन यांच्यातले, रासायनिक बंधापेक्षा पुष्कळ दुबळे आकर्षण. हायड्रोनियमला मात्र तीनच बंध शोभतात, कारण धनभारामुळे त्याचा ऑक्सिजन कोणाचा हायड्रोजन जवळ करीत नाही. म्हणून जो रेणू प्रोटॉन घेऊन नवा हायड्रोनियम होणार, त्याने आधी पलीकडच्या शेजाऱ्याशी असलेला एक बंध सोडलेला असला पाहिजे. तो बंध सुटला की प्रोटॉन जवळजवळ विनाअडथळा सरकतो. सुटला नाही तर दोन्हीकडे हिंदकळत राहतो आणि कुठेच जात नाही. एका यशस्वी उडीला लागणारा काळ एक-दोन पिकोसेकंद आहे, पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, आणि हा काळ हायड्रोजन बंध तुटण्या-जुळण्याच्या काळाशी जुळतो. या वहनाला लागणारी ऊर्जाही एक हायड्रोजन बंध मोडण्याच्या ऊर्जेएवढीच, म्हणजे मोलमागे दहा किलोज्यूलच्या आसपास भरते. प्रोटॉनचा वेग मोजताना प्रत्यक्षात मोजली जाते ती पाण्याची लवचीकता.

याची उलट तपासणी बर्फात होते. बर्नल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये बर्फातल्या रेणूंच्या मांडणीचे नियम दिले: प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन, आणि प्रत्येक दोन ऑक्सिजनांच्या मध्ये एकच. साखळीचे सुबक चित्र खरे असते तर अशा काटेकोर जाळ्यातून प्रोटॉन पाण्याहून चांगला वाहायला हवा होता, आणि १९५० च्या दशकातल्या काही मोजमापांवरून तसे मानलेही गेले. नंतरच्या काळजीपूर्वक मोजणीने ते अंदाज पुष्कळ खाली आणले. शुद्ध बर्फ हा विजेचा दुबळा वाहक आहे, कारण त्यात भारवाहकही कमी असतात आणि एकदा प्रोटॉन गेल्यावर रांग पूर्ववत करणारे फिरणे जवळजवळ गोठलेले असते. ते घडवायला जाळ्यात दोष लागतात, म्हणजे दोन ऑक्सिजनांमध्ये हायड्रोजन नसलेली किंवा दोन हायड्रोजन असलेली जागा. नील्स ब्येरुम यांच्या नावाने ते ओळखले जातात. सुव्यवस्था प्रोटॉनला वाट देते आणि तीच त्याची पुढची वाट बंद करते.

सजीवांकडे वळताना प्रश्न बदलतो. पेशीत पाणी मुबलक असते, म्हणजे प्रोटॉन हलवणे तिला फुकटात मिळालेले असते. कठीण आहे ते त्याला अडवणे. या दृष्टीने पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचे मोल वेगळे दिसते. पेशी अन्नातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवते हे तोवर माहीत होते, पण अन्नाचे ज्वलन आणि एटीपीची निर्मिती यांना जोडणारा दुवा सापडत नव्हता. जीवरसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षे एखाद्या उच्च-ऊर्जा संयुगाच्या शोधात होते. मिशेल म्हणाले, की असे संयुगच नाही: ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला उपसले जातात आणि ते परत येताना एटीपी घडते. दुवा रासायनिक नसून जागेचा आहे, आत आणि बाहेर यांतल्या फरकाचा. प्रकृती बिघडल्याने एडिनबरा विद्यापीठ सोडून मिशेल यांनी कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त केला आणि तिथे जेनिफर मॉइल यांच्याबरोबर खासगी प्रयोगशाळा थाटली. त्यांच्या विरोधकांची रांग लांब होती आणि वादाला कडवटपणाही होता. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या हरितलवकांतली पटले आधी आम्लात भिजवली, मग अंधारातच सामू, म्हणजे पीएच, ८ असलेल्या द्रावणात टाकली, आणि प्रकाशाचा किरणही न लागता एटीपी तयार झाले. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवरसायनात क्वचितच सापडतो. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिशेल यांना एकट्याला मिळाले. तपशिलांत ते काही ठिकाणी चुकले होते, प्रोटॉन एटीपीच्या घडणीत थेट रासायनिक भाग घेतो ही त्यांची कल्पना टिकली नाही, परंतु अडवलेला प्रोटॉन हेच ऊर्जेचे चलन, हा गाभा टिकला.

अडवणुकीची तीव्रता किती असते? तंतुकणिकेच्या आतल्या पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट, आणि त्याच्या दोन बाजूंतला विद्युत्दाबाचा फरक दीडशे मिलिव्होल्टच्या घरात असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो इतक्या पातळ थरावर पडत असल्याने विद्युत्क्षेत्र मीटरला सुमारे तीन कोटी व्होल्ट होते. तेलासारख्या मेदरेणूंचे पटल हा ताण सोसते, कारण त्यात हायड्रोजन बंधांचे जाळे नाही. प्रोटॉनला उडी मारायला पलीकडे रेणूच नाही. त्याला जायला एकच मोठा अधिकृत मार्ग असतो, एटीपी घडवणाऱ्या विकराच्या चक्रातून. चक्राच्या परिघावर ठरावीक संख्येने घरे असतात, गाईच्या तंतुकणिकेत आठ, यीस्टमध्ये दहा आणि पालकाच्या हरितलवकात चौदा. प्रत्येक प्रोटॉन एका घरात बसून चक्र एक पाऊल फिरवतो, आणि पूर्ण फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. गाईच्या पेशीला एका एटीपीसाठी तीनपेक्षा थोडे कमी प्रोटॉन लागतात आणि पालकाला जवळजवळ पाच, हा फरक चक्रावरच्या घरांच्या संख्येतून येतो. प्रोटॉन दोन्हीकडे तोच.

इथे संख्येचा एक साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सामू ७ असलेल्या पाण्यात एका लिटरमागे मोलचा एक कोटीवा भाग एवढेच हायड्रोनियमच्या रूपातले प्रोटॉन असतात, म्हणजे पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचे आकारमान लिटरच्या एक हजार लाख कोटीव्या भागाच्या आसपास असते. त्यात या प्रमाणाने असे प्रोटॉन मोजले तर ते साठेक भरतात. याच जिवाणूच्या पटलावर एटीपी घडवणारे विकर पुष्कळ असतात आणि त्यांतला एकेक सेकंदाला शेकडो प्रोटॉन आत सोडू शकतो. तेव्हा पेशीत प्रोटॉनचा साठा आहे आणि त्यातून प्रवाह निघतो, हे चित्र धरून चालताच येत नाही. प्रोटॉन आलेले असतात ते प्रथिनांवरच्या, फॉस्फेटांवरच्या आणि पटलाच्या पृष्ठभागावरच्या गटांवरून, जे ते घेतात आणि देतात. सामू हा आकडा त्या प्रचंड देवघेवीचा केवळ शिल्लक-ताळेबंद आहे. एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलावरच्या १९९४ च्या प्रयोगांत असेही आढळले, की प्रथिनाने बाहेर टाकलेला प्रोटॉन पाण्यात सुटण्याआधी पृष्ठभागावरून बरेच अंतर कापतो. माध्यम इथे वाटही आहे आणि कोठारही.

अडवणुकीचे सर्वांत शिकवणारे उदाहरण ॲक्वापोरिन या प्रथिनाचे आहे. पीटर ॲग्रे यांनी ते शोधले आणि २००३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. त्याच्या अरुंद मार्गातून पाण्याचे रेणू एकामागे एक, सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने जातात. एकेरी रांगेतले, हायड्रोजन बंधांनी जोडलेले पाणी म्हणजे क्रमिक पुस्तकातली साखळीच; ग्रामिसिडिन या प्रतिजैविकाने पटलात पाडलेल्या नळीतून तसे पाणी प्रोटॉन उत्तम वाहूनही नेते. ॲक्वापोरिनमधून मात्र प्रोटॉन जात नाही, आणि जाऊन चालणारही नाही, कारण मग पटलावरचा सगळा फरक काही क्षणांत ओसरेल. सुरुवातीचे स्पष्टीकरण असे होते, की मार्गाच्या मध्यावर असलेले दोन ॲस्परजिन गट तिथल्या पाण्याच्या रेणूला असे वळवून धरतात, की साखळीची दिशाच तुटते. नंतरच्या गणितांनी भर दिला तो विद्युत् अडथळ्यावर: मध्यभागी प्रथिन धनभाराला प्रतिकूल क्षेत्र निर्माण करते आणि मोकळ्या पाण्यात प्रोटॉनला मिळणारा शेजाऱ्यांचा आधार तिथे मिळत नाही. दुसरे स्पष्टीकरण अधिक भक्कम वाटते, कारण रेणू फिरवण्याची किंमत फार नसते, तर निराधार धनभार सांभाळण्याची किंमत फार असते. दोन्ही स्पष्टीकरणांत ठरवणारी गोष्ट मात्र भोवतालची मांडणी हीच आहे.

ही अडवणूक मोडली तर काय होते, याचा पुरावा औषधशास्त्राच्या इतिहासात आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल हे रसायन वजन घटवण्यासाठी सर्रास विकले जात होते. ते दुबळे आम्ल आहे आणि मेदात विरघळते, त्यामुळे एका बाजूला प्रोटॉन उचलून पटलातून पलीकडे नेऊन सोडते. अन्न जळत राहते, एटीपी होत नाही आणि सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. वजन खरोखर उतरत असे, पण अनेकांना मोतीबिंदू झाला, काही जण ताप चढून दगावले, आणि १९३८ मध्ये ते माणसांनी घेण्यास अयोग्य ठरवण्यात आले. नवजात बालकांच्या तपकिरी मेदात मात्र हीच गळती एक प्रथिन मोजूनमापून घडवते, आणि तिच्या उष्णतेवर बालक थंडीत तग धरते.

मानवनिर्मित पदार्थांच्या क्षेत्रात हा विचार उशिरा पोचला. इंधन घटात हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन तारेवाटे आणि प्रोटॉन पटलावाटे जातात व पलीकडे ऑक्सिजनशी मिळून पाणी होते. पटलाने प्रोटॉनला जाऊ द्यायचे, पण हायड्रोजन वायू, ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन यांना अडवायचे. पेशीच्या पटलासारखीच दुहेरी अट. ड्यूपाँ कंपनीत १९६० च्या दशकाअखेरीस तयार झालेले नॅफिऑन हे बहुवारिक आजही या कामातला मापदंड आहे. त्याचा कणा टेफ्लॉनसारखा पाणी झिडकारणारा आहे आणि त्याला लोंबणाऱ्या शाखांच्या टोकांना सल्फोनिक आम्लाचे गट आहेत. ओलावा मिळाला की हे गट एकत्र येऊन काही नॅनोमीटर रुंदीचे जलमार्ग तयार करतात. प्रोटॉन त्यातून काही अंशी उड्यांनी जातो, काही अंशी हायड्रोनियमच्या रूपात पाण्यासकट वाहतो. पाण्यासकट जाण्याने अडचण होते: प्रत्येक प्रोटॉन आपल्याबरोबर पाणी ओढून नेतो, त्यामुळे हायड्रोजनकडची बाजू कोरडी पडते आणि ऑक्सिजनकडची तुंबते, आणि घट चालवणाऱ्या अभियंत्याचा निम्मा जीव ओलावा सांभाळण्यात जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस दाखवण्यात आली. तशा प्रत्येक वाहनात इंधन घटाइतकेच महत्त्व त्याला ओलसर ठेवणाऱ्या यंत्रणेला असते.

घट शंभर अंशांच्या वर चालवता आला तर प्लॅटिनम उत्प्रेरकाला कार्बन मोनॉक्साइडची बाधा कमी होते, पण तिथे नॅफिऑनमधले पाणी उडून जाते. म्हणून पाण्यावाचून प्रोटॉन वाहणारे पदार्थ शोधले जातात, आणि त्यांच्यात माध्यमाचे कर्तृत्व सर्वांत उघडपणे दिसते. सीझियम हायड्रोजन सल्फेट हा साधा स्फटिक आहे. १४१ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते आणि वाहकता एकदम हजारपटीहून अधिक वाढते. त्या क्षणी प्रोटॉनची संख्या वाढत नाही आणि त्यांचे आम्लगुणही बदलत नाहीत. बदलते एवढेच, की सल्फेटचे गट स्वतःभोवती फिरू लागतात आणि प्रत्येक उडीनंतर पुढच्या उडीसाठी वळून तयार होतात. बर्फाला जे जमत नाही ते या घन पदार्थाला जमते. कॅल्टेकमधल्या सोसिना हेल यांच्या गटाने २००१ मध्ये त्याचा इंधन घट चालवून दाखवला, पण हायड्रोजनच्या सान्निध्यात सल्फेट टिकत नसल्याने पुढे फॉस्फेटाकडे वळावे लागले. जपानमध्ये इवाहारा यांनी १९८१ मध्ये स्ट्रॉन्शियम सेरेटसारख्या सिरॅमिकमध्ये दाखवलेले वहन याहून वेगळे. तिथे वाफेतले पाणी स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरते, आणि तापलेल्या जाळ्याच्या कंपनांनी दोन ऑक्सिजन जवळ आले की प्रोटॉन सरकतो, पण त्यासाठी शेकडो अंश तापमान लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०१४ च्या सुमारास सच्छिद्र, स्फटिकी सेंद्रिय जाळ्यांच्या पोकळीत फॉस्फोरिक आम्ल भरून वहन साधण्याचे काम झाले. त्यातही मुद्दा आम्ल धरून ठेवण्याचा आणि तरीही त्याच्या रेणूंना फिरायला जागा ठेवण्याचा होता.

या सर्व प्रयत्नांत एक कोंडी आहे. प्रोटॉन हातोहात देता यावा म्हणून शेजाऱ्यांमधले हायड्रोजन बंध पुरेसे बळकट हवेत, आणि दिल्यानंतर रांग पूर्ववत व्हावी म्हणून तेच बंध पुरेसे दुबळे हवेत. पाणी सामान्य तापमानाला या दोन मागण्यांच्या बरोबर मध्ये बसते. त्याची जागा घेणारा पदार्थ बहुधा एका बाजूला झुकतो. म्हणूनच आम्लगट वाढवून वाहकता वाढवण्याचा सरळ उपाय फार काळ चालत नाही: पटल पाणी शोषून फुगते आणि शेवटी लगद्यासारखे होते.

नॅफिऑनला पर्याय शोधण्याची निकड आता दुसऱ्याच बाजूने आली आहे. त्यातले कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात विघटित होत नाहीत, आणि अशा सर्व संयुगांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव २०२३ पासून युरोपीय संघापुढे आहे. फ्लोरिनविरहित पटले प्रयोगशाळेत अनेक तयार झाली आहेत आणि भरपूर ओलाव्यात त्यांतल्या कित्येकांची वाहकता नॅफिऑनच्या तोडीची भरते. शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यात झळकतो तो हाच आकडा. क्लाउस-डीटर क्रॉयर यांनी दोन्ही प्रकारच्या पटलांची तुलना करून दाखवले होते, की फ्लोरिन नसलेल्या कण्याचे आणि पाण्याचे वैर तेवढे टोकाचे नसते, त्यामुळे जलमार्ग अरुंद, अधिक फाटे फुटलेले आणि जागोजाग बंद टोकांचे होतात; ओलावा कमी झाला की ते आधी तुटतात. आम्लगट तेच, प्रोटॉन तेच, तरी वहन कोसळते. तेव्हा नव्या पटलाची खरी परीक्षा हवेतला ओलावा शंभर टक्क्यांवरून पन्नासवर आणि मग तीसवर उतरवत नेऊन वाहकता पुन्हा पुन्हा मोजण्याची आहे, आणि ज्या पटलाविषयी ही मोजमापे दिलेली नाहीत त्याविषयीचा दावा अपुरा समजणे योग्य ठरते.